गाडीचे बुश : झिजत नाहीत, पिळून मरतात

जळगावहून चोपड्याला जाताना विदगावचा तापीवरचा पूल ओलांडला, की पुढच्या पहिल्याच गतिरोधकाला माझी गाडी खालून ‘टक्’ करायची. ब्रेक दाबला की टक्, सोडून पुन्हा वेग घेतला की टक्. बायको म्हणाली, डिकीत काहीतरी हलतंय. डिकी रिकामी केली. जॅक, स्टेपनी, पाण्याचा कॅन आणि रावेरहून कधीतरी आणलेल्या केळीच्या घडाची वाळलेली दांडी, एवढं निघालं. आवाज तसाच.

गाडी २००८ सालची स्विफ्ट, एमएच १९ पासिंग. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओतून नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, म्हणजे आता ती विकायची नाही, चालवायची, हे घरात ठरलेलं. मिस्तरींनी गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली, टॉमी (लोखंडी पहार) घालून लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, हलवला आणि निदान सांगितलं, “भाऊ, हाई रबर मरी गयं.” दोन्ही बाजूंच्या आर्मचे बुश बदलले. कंपनीच्या खोक्यातले, बिलासकट. आणि नवव्या महिन्यात पुन्हा टक्.

माझा पहिला संशय अर्थातच मालावर गेला. डुप्लिकेट दिलं असणार. नंतर कळलं की माल अस्सल होता, चूक बसवण्यात होती, आणि ती चूक इतकी साधी आहे की ती तुमच्याही गाडीत झालेली असायची शक्यता बरीच आहे. ती समजण्यासाठी आधी बुश म्हणजे काय ते हातात घेऊन पाहावं लागतं.

लोखंडाची एक नळी, तिच्या आत दुसरी बारीक नळी, आणि दोन्हींच्या मधे काळं रबर. चहाच्या कटिंग ग्लासाएवढीही ही वस्तू नाही. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते, ती हलत नाही. आतल्या नळीतून बोल्ट जातो, तो गाडीच्या सांगाड्याला आवळला की तीही हलत नाही. मधलं रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेलं असतं, म्हणजे तेही घसरत नाही. मग आर्म वर-खाली होतो कसा? माझी समजूत होती की दाराच्या बिजागरीसारखं आत काहीतरी फिरत असेल. बिजागरी फिरते, म्हणून तिला तेल लागतं. बुशमध्ये काहीच फिरत नाही. चाक उचललं गेलं की आर्म तिरपा होतो, बाहेरची नळी त्याच्यासोबत वळते, आतली जागच्या जागी राहते आणि मधलं रबर पिळलं जातं. ओला पंचा दोन टोकांना धरून थोडासा पिळावा आणि सोडावा, तसं. चाक खाली आलं की पीळ सुटतो. दर खड्ड्याला हेच.

हे झालं एक काम. दुसरं काम चाकाला जागेवर धरून ठेवण्याचं. गाडी चार माणसांसकट १३०० किलोच्या घरात धरा. ब्रेक जोरात दाबला की पुढच्या एकेका चाकाला मागे रेटणारा जोर ढोबळ हिशेबाने ३०० किलोच्या आसपास जातो. जिनिंगमधली कापसाची एक गाठ १७० किलोची असते, म्हणजे जवळपास दोन गाठी त्या दोन-तीन इंची रबरावर येऊन आदळतात. पिळायला रबर मऊ हवं, हा रेटा झेलायला कडक हवं, आणि शिवाय रस्त्याची थरथर आत येऊ नये म्हणून पुन्हा मऊच हवं. एकाच रबराकडून तिन्ही मागण्या पुऱ्या करून घ्यायच्या, तर रचना करणाऱ्यांनी युक्ती केली. पुष्कळ लहान गाड्यांच्या आर्मला दोन बुश असतात. त्यातला पुढचा लहान आणि कडक, मागचा मोठा आणि मऊ. मागच्या बुशच्या रबरात मुद्दाम लांबट पोकळ्या ठेवलेल्या असतात. पोकळीच्या दिशेने रबर सहज दबतं, आडव्या दिशेने तटून राहतं. मी पहिल्यांदा नवा बुश दुकानात उलटा-पालटा करून पाहिला तेव्हा, “हा तर आधीच फाटलेला आहे,” असं मोठ्या आवाजात म्हणालो होतो. काउंटरवरचा पोरगा हसला नाही, ही त्याची सभ्यता.

त्या पोकळीमुळे एक महत्त्वाची गोष्ट ठरते. बुश भोकात कोणत्याही कोनात बसवून चालत नाही. जुना काढण्याआधी त्याची दिशा आणि तो किती आत बसला होता, हे आर्मवर खूण करून किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचं. पोकळी नव्वद अंशांनी फिरली की जिथे मऊपणा हवा तिथे कडक आणि जिथे कडक तिथे मऊ, असा उफराटा बुश तयार होतो.

रबर मरतं म्हणजे काय

लहानपणी ट्यूबच्या रबराची गलोल केली असेल, तर हा धडा तुम्ही आधीच शिकलेला आहात. गलोल खुंटीला सैल टांगलेली असली की वर्षभर टिकायची. धाब्यावर उन्हात, त्यातही ताणून बांधून ठेवली, की एका उन्हाळ्यात रबरावर आडव्या बारीक भेगा. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरालाच आधी खातो. सैल रबराचं तो फारसं बिघडवत नाही. ‘ताणलेलं’ हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसरा शत्रू उष्णता. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून तापवलं आणि चिकट, उन्हात पाघळणारं रबर कायमचं लवचीक झालं. गंधकाने रबराच्या लांब साखळ्यांमध्ये आडवे टाके घातले. पण उष्णता आणि प्राणवायू मिळत राहिले की आत बदल होतच राहतात. काही टाके जास्तीचे पडतात, काही साखळ्या तुटतात, आणि रबर वरून कडक, ठिसूळ होत जातं. रसायनवाल्यांचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या घरात. त्याखाली तापलेली डांबर, वर इंजिनची धग. नाशिकच्या गाडीचे बुश आणि आपले बुश एका वयाचे असले तरी एका प्रकृतीचे नसतात. म्हणूनच “किती किलोमीटरला बदलायचे?” या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कडुनिंबाखाली उभी राहून वीस हजारच किलोमीटर चाललेल्या पंधरा वर्षांच्या गाडीचेही बुश वयाने संपलेले असू शकतात.

तिसरा शत्रू आपण विकत घेतो. सर्व्हिसिंगला गाडी दिली की खालून प्रेशरने धुऊन, वर डिझेल किंवा जळक्या ऑइलचा फवारा मारतात. गंज लागू नये, गाडी करकरू नये म्हणून. करकर थांबते हे खरं. पण बुशसाठी वापरलेलं रबर बहुतेक वेळा नैसर्गिक, आणि नैसर्गिक रबर डिझेल-ऑइल शोषून फुगतं, मऊ पडतं, चिकटवलेल्या जागेवरून सुटायला लागतं. चार दिवसांच्या शांततेसाठी वर्षाचं आयुष्य. मी आता गाडी धुवायला टाकताना “खालून फवारा नको” हे वाक्य दोनदा सांगतो. एकदा मालकाला, एकदा प्रत्यक्ष पाइप धरणाऱ्या पोराला.

आवाज बुशचाच आहे का?

इथे लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात. खालून आवाज आला की शॉकअप बदलतात. शॉकअप महाग, बदलले की दोन दिवस गाडी नवी वाटते, आणि मग तोच आवाज. म्हणून आधी ऐकायला शिकावं.

ब्रेक दाबताना आणि सोडताना एकेकच जड ‘टक्’ येत असेल, स्टिअरिंग ब्रेकला किंचित एका बाजूला ओढत असेल आणि पुढचे टायर आतल्या कडेने खात असेल, तर लोअर आर्मच्या बुशवर संशय घ्या. रेटा आला की चाक मागे सरकतं, कोन बदलतो, टायर घासतो. याउलट गावातल्या खडबडीत गल्लीत, वीसच्या वेगाने, बारीक ‘कटकट-कटकट’ सतत येत असेल आणि गुळगुळीत हायवेला गायब होत असेल, तर बहुधा स्टॅबिलायझरच्या, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं आवरणाऱ्या आडव्या दांड्याच्या, लिंक किंवा त्याचे बुश. हे सगळ्यांत स्वस्त दुखणं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टँग’ करून सुटल्यासारखा आवाज आला, तर वरचं स्ट्रट माउंट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप वर सांगाड्याला जिथे टेकतात ती बैठक, पाहा. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडीचा मागचा भाग बैलगाडीच्या साटीसारखा आडवा डुलत असेल, तर मागच्या बीमचे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईचे, बुश.

बॉल जॉइंटचं, म्हणजे आर्म चाकाला जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याचं, मात्र वेगळं. बुश सांगून-सवरून, महिनोन् महिने कुरकुरत मरतो. खिळखिळा झालेला बॉल जॉइंट निसटला तर चाक जागेवर आडवं होतं. त्यामुळे बुश तपासायला गाडी वर घेतलीच आहे, तर बॉल जॉइंटचं रबरी टोपण फाटलंय का आणि सांध्यात खेळ आहे का, हे पाहिल्याशिवाय खाली घेऊ नका.

खात्री डोळ्यांनी करायची. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यायची. घरी पाहणार असाल तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच शिरायचं नाही, घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावायच्याच. टॉमीने आर्म हळूच रेटायचा. आतली नळी मधोमध आहे की एका बाजूला बसली आहे? रबर आणि नळी यांच्यामध्ये फट उघडते का? टॉमी सोडल्यावर आर्म परत येतो की तसाच राहतो? रबराच्या पृष्ठभागावर केसासारख्या भेगा आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही, ते म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्यांसारखं आहे. रबर नळीपासून सुटलं असेल किंवा भेग नखभर आत गेली असेल, तर मात्र वेळ आली. काही मोठ्या गाड्यांच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तिथे काळपट ओल दिसली की बुश गेला समजावं, ते ऑइल गळतंय म्हणून इंजिन उघडायची गरज नाही.

दुकानात काय मागायचं

जळगावात अजिंठा चौफुलीच्या आसपास पार्टच्या दुकानात उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, “कोणता देऊ? कंपनीचा, ब्रँडेड की लोकल?” हे तीन शब्द भाव सांगतात, वस्तू सांगत नाहीत.

कंपनीचा म्हणजे गाडी बनवणाऱ्याच्या नावाच्या खोक्यातला. गाडी बनवणारी कंपनी बहुतेक वेळा बुश स्वतः बनवत नाही, पुरवठादाराकडून घेते. तोच पुरवठादार कधी कधी तसाच माल स्वतःच्या खोक्यात, कमी भावाने बाजारात विकतो. ‘ब्रँडेड’मधला हा प्रकार मिळाला तर उत्तम. पण ‘ब्रँडेड’मध्येच असेही पुष्कळ असतात ज्यांनी तुमच्या गाडीच्या कारखान्याला कधी एक नग पुरवलेला नाही. आकार बरोबर, रबराचा कडकपणा त्यांच्या अंदाजाने. आणि लोकल म्हणजे नाव, पत्ता, तारीख काहीच नसलेली प्लॅस्टिकची पिशवी.

भरताचं वांगं घेताना आपण काय करतो? हातात घेऊन वजन बघतो, आकाराच्या मानाने हलकं लागलं की बिया कमी असणार म्हणून ठेवून घेतो. बुशला हे चालत नाही. चांगलं आणि वाईट रबर हाताला सारखंच काळं आणि सारखंच गुळगुळीत लागतं. अंगठ्याने दाबून ‘कडक आहे, टिकेल’ म्हणणारे भेटतात. कडक असणं हा गुण नाही, तुमच्या गाडीला हवा तेवढाच कडक असणं हा गुण आहे, आणि तो अंगठ्याला कळत नाही. म्हणून वस्तूपेक्षा खोका आणि मापं यांच्यावर जास्त विसंबावं लागतं.

सर्वांत आधी पार्ट नंबर. “स्विफ्टचा बुश द्या” हे अपुरं आहे. त्याच नावाच्या गाडीच्या पिढ्या बदलतात, आणि त्याच पिढीत पेट्रोल आणि डिझेलचे भागही वेगळे असू शकतात, कारण डिझेल इंजिन जड असतं. आरसीवरचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर दाखवून दुकानदाराला संगणकावर नंबर काढायला सांगा. स्टॅबिलायझरच्या बुशचं तर मिलिमीटरमध्ये असतं. एका मॉडेलच्या दोन व्हेरिएंटमध्ये दांडा थोडा जाड-बारीक निघतो आणि बुश ढिला किंवा आवळ बसतो. जुना बुश सोबत नेला आणि व्हर्निअर लावून बाहेरच्या नळीचा व्यास आणि आतल्या नळीची लांबी ताडून पाहिली, तर परत फेरी पडत नाही.

मग तारीख. पाकिटबंद मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं नियमाने बंधनकारक आहे. लोक एमआरपी वाचतात, तारीख वाचत नाहीत. रबर दुकानाच्या फळीवरही म्हातारं होतं, आणि जळगावच्या पत्र्याच्या गोदामात जरा लवकरच होतं. जुन्या मॉडेलचा माल सावकाश खपतो, म्हणून तुमच्या हातात येणारा ‘नवा’ बुश सहा-सात वर्षांचा असू शकतो. मी दोन-तीन वर्षांपलीकडचा घेत नाही. दुकानदार कुरकुरतो, मागून दुसरं खोकं काढतो.

खोकं अस्सल आणि माल नकली, असंही होतं. होलोग्राम, खोक्यावरचा आणि वस्तूवरचा नंबर जुळतो का, रबराच्या कडेला साच्याचं जास्तीचं रबर लोंबतंय का, डाव्या-उजव्याची जोडी एकसारखी दिसते का, एवढं पाहायचं आणि पक्कं बिल घ्यायचं. जळगावात सोनं घेताना आपण हॉलमार्क बघितल्याशिवाय हलत नाही, आणि चाक धरून ठेवणाऱ्या वस्तूचं बिल मात्र “राहू द्या हो” म्हणून सोडून देतो.

लेथवर करून घ्यावा का?

हा प्रश्न शहरात कुणी विचारणार नाही, पण आपल्याकडे विचारतात. ट्रॅक्टर, पंप, मळणी यंत्र यांच्यामुळे प्रत्येक तालुक्याला चांगले लेथवाले आहेत आणि ते नायलॉनच्या दांड्यातून हवा तो बुश तासाभरात उतरवून देतात. “जन्मभर जाणार नाही” ही हमी फुकट.

जाणार नाही हे खरंच. पण तो पिळलाही जाणार नाही. लोअर आर्म फक्त वर-खाली होत नाही, तो ब्रेकला मागे सरकतो, वळणावर किंचित वाकडाही होतो, आणि हे सगळं रबर सहन करतं. नायलॉन ते सहन करत नाही, तो हट्टाने तसाच राहतो आणि भार बोल्टवर, भोकावर, सांगाड्याच्या कानावर जातो. वर्षभराने भोकं लांबोडी होतात. शंभरांच्या वस्तूने हजारांचं काम काढलं. जुन्या जीपच्या किंवा पिकअपच्या पाट्यांचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, वेगळं आहे. पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीला, म्हणजे शॅकलला, जवळपास एकाच दिशेने झुलायचं असतं, तिथे नायलॉन किंवा टणक बुश चालून जातो, फक्त ग्रीस आणि थोडा आवाज यांची तयारी ठेवायची.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही आता पोरं ऑनलाइन मागवतात. ते पिळले जात नाहीत, आतल्या नळीवर ग्रीसच्या आधारे फिरतात. स्टिअरिंग टोकदार होतं, हे खरं. पण रस्त्याची प्रत्येक खडी तळपायाला कळते, आणि काळ्या मातीची बारीक धूळ त्या ग्रीसमध्ये शिरली की गाडी रहाटासारखी कुरकुरते. शिरपूर-चोपड्याच्या शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या, पंधरा वर्षांच्या घरच्या गाडीला माझं उत्तर नाही असं आहे. फार हौस असेल तर फक्त स्टॅबिलायझरला टाकून पाहा.

राहिला प्रश्न नुसता बुश की पूर्ण आर्म. लहान गाड्यांच्या बुशचा भाव शेकड्यांत, आर्मचा हजारांत. पण नुसत्या बुशला प्रेस (दाबून बसवायचं यंत्र) लागतो, मजुरी लागते. आर्म सरळ आहे, गंजलेला नाही, बॉल जॉइंट ठणठणीत आहे, आणि गावात चांगला प्रेसवाला आहे, तर नुसते बुश. बॉल जॉइंटही थकलेला असेल, आणि तुमच्या गाडीत तो आर्मसोबतच येत असेल, तर पूर्ण आर्म परवडतो. पण तो चांगल्या नावाचाच. स्वस्त पूर्ण आर्ममध्ये पत्र्याची जाडी आणि बॉल जॉइंट, दोन्हींवर पैसे वाचवलेले असतात, आणि तिथे वाचवलेले पैसे मला नकोत. काहीही टाका, डावं-उजवं एकदम टाका.

आता ती चूक

दुसऱ्यांदा मी गाडी धरणगावकडच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे नेली. त्यांनी काढलेला बुश हातात घेतला, फाटलेली जागा अंगठ्याने उघडून दाखवली आणि एकच प्रश्न विचारला, “बोल्ट आवळात तवय गाडी जॅकवर व्हती का?”

होती. मी तिथेच चहा पीत उभा होतो. पोराने गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, नवे बुश घातलेला आर्म लावला आणि एअरगनने बोल्ट ‘ट्ट्ट्ट’ करून पक्के आवळले. मग चाक लावलं, गाडी खाली.

आता पंचा आठवा. गाडी जॅकवर असते तेव्हा चाक खाली लोंबतं आणि आर्म तिरपा असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला की आतली नळी त्या तिरप्या कोनात सांगाड्याला कायमची बांधली जाते. गाडी खाली घेतली की आर्म आडवा होतो, बाहेरची नळी वळते, आणि रबर तिथेच पिळलं जातं. गाडी घरासमोर उभी आहे, कुणी बसलेलं नाही, तरी रबर पिळलेलं. त्यावर खड्डा आला की आणखी पीळ. जे रबर दोन्ही बाजूंना थोडं थोडं पिळलं जायला बनवलं होतं, ते एकाच बाजूला पार टोकापर्यंत पिळलं जातं. आणि गलोलीचं रबर आठवा. ताणून ठेवलेल्या रबरालाच ओझोन आधी खातो. माझे बुश नऊ महिने चोवीस तास ताणलेले होते.

बरोबर पद्धत अशी. बोल्ट आधी हातानेच, सैल न पडण्याइतके बसवायचे. चाकं लावायची, गाडी जमिनीवर घ्यायची, बॉनेटवर दाबून दोन-चारदा हलवायची म्हणजे ती आपल्या नेहमीच्या उंचीवर बसते. मग खड्ड्यात उतरून किंवा चारही चाकं टेकलेली असतात अशा अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) रॅम्पवर बोल्ट शेवटचे आवळायचे, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मापाने. खड्डा नसेल तर जॅक आर्मच्या टोकाखाली, चाकाजवळ लावून तिथून गाडीचा भार उचलायचा, आर्म नेहमीच्या कोनात आला की मग आवळायचं. वेळ जास्त लागतो दहा-पंधरा मिनिटं. गॅरेजला हे सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही, न सांगता मात्र फार थोडे करतात. हा नियम ज्यांचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं आहे त्याच बुशना लागू आहे. स्टॅबिलायझरच्या कापलेल्या डी आकाराच्या बुशला, किंवा फिरणाऱ्या पीयूला, त्याचं सोयरसुतक नाही.

प्रेसवरही नजर ठेवा. जुना बुश काढायला गॅसने रबर जाळतात, धूर विषारी असतो, आणि जवळचा बॉल जॉइंटचा रबरी बूट त्या धगीने वितळतो. नवा घालताना दाब फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर यायला हवा, आतल्या नळीवर दाबला तर रबर बसण्याआधीच उखडतं. घणाने ठोकून बसवणारा दिसला तर आर्म उचलून दुसरीकडे जा. घसरून बसण्यासाठी ग्रीस-ऑइल नको, साबणाचं पाणी पुरतं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. मेलेल्या बुशवर केलेली अलाइनमेंट पुढच्या ब्रेकला बदलते, आणि ती दर सहा महिन्यांनी करून घेत मी काही वर्षं पैसे घातले आहेत.

पुढचे बुश आता दोन उन्हाळे काढून गेले. मागच्या बीमचे मी बदललेले नाहीत. मिस्तरींनी टॉमी लावून पाहिलं, रबरावर सुरकुत्या होत्या, पण नळी मधोमध होती आणि बीम परत येत होता. बीम उतरवायचा म्हणजे ब्रेकच्या नळ्या सोडायच्या, गंजलेले बोल्ट कापावे लागले तर दिवस जाणार. चाळीसगावचा कन्नड घाट उतरताना मागचा भाग डुलायला लागला की बघू, असं त्यांनीच सांगितलं, आणि वहीत गाडीच्या नंबरापुढे ‘मागले, पावसाळ्यानंतर’ असं लिहून ठेवलं.